सुई, वय आणि उपचाराचं दार

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पिंगळी हे लहानसं स्टेशन आहे. माझं माहेर याच गावचं. नोकरी मात्र जिल्ह्यात ठिकठिकाणी झाली. एचआयव्ही समुपदेशक म्हणून सरकारी दवाखान्यांतल्या लहान खोल्यांत, एक टेबल आणि तीन खुर्च्या घेऊन मी बरीच वर्षं बसले. चाचणीआधी काही प्रश्न विचारायचे असतात. त्यातला एक असा: 'नशेसाठी कधी सुई टोचून घेतली आहे का?' सुरुवातीची काही वर्षं मी तो प्रश्न उरकून टाकत असे. मराठवाड्यातल्या खेड्यात हे कुठून येणार, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती, हे मला तीन माणसांनी शिकवलं. तिघंही पिंगळीच्या पंचक्रोशीतले. एक एकोणीस वर्षांचा, दुसरा चौतीसचा, तिसरा छप्पन्नचा. त्यांची कामं, नाती आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. वयं तशीच ठेवली आहेत, कारण हा लेखच वयाविषयी आहे.

आपल्याकडे प्रत्येक नशेला क्रियापद आहे. दारू 'पितात', गांजा 'ओढतात', गोळ्या 'खातात'. झोपेच्या गोळ्यांना तर मराठवाड्यात 'बटन' असं खास नाव पडलं आहे. सुईला मात्र नशेचा शब्द नाही. सुई म्हणजे दवाखाना. डॉक्टरनं सुई दिली नाही तर पैसे फुकट गेले, असं मानणारी माणसं अजून गावोगाव आहेत. त्यामुळे सुई टोचून घेणारा माणूस आपल्या डोळ्यांना व्यसनी दिसतच नाही. तो कोण दिसतो, हे त्याच्या वयावर ठरतं.

एकोणीस

त्याला त्याची आई घेऊन आली. रात्र रात्र झोपत नाही, छाती धडधडते, कुणीतरी मागावर आहे असं म्हणतो. आधी गावातल्या देवऋषाकडे दोन अमावास्या झाल्या होत्या. मी विचारण्याआधीच आई म्हणाली, "ताई, लेकरू नशेडी न्हाई हो माझं. पळायची ताकद यावी म्हणून नुसती सुई घेतंय."

मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. मैदानावरच्या एका थोरल्या मुलानं त्याला सतराव्या वर्षी पहिली सुई दिली होती. औषधाचं नाव मेफेंटरमाइन. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला, तर तो वर आणण्यासाठी हे औषध वापरतात. निरोगी तरुणाच्या शिरेत गेलं की नाडी आणि रक्तदाब वाढतो, थकवा जाणवत नाही, अंगात बळ आल्यासारखं वाटतं. शरीर लवकर सरावतं, मग मात्रा वाढवावी लागते. पुढे झोप उडते, संशय येऊ लागतो, भास होतात. देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवले आहेत, आणि महाराष्ट्रात व्यायामशाळांच्या आसपास या औषधाचे अवैध साठे पकडल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार येतात.

मी त्याला व्यसनमुक्तीचं नाव काढताच तो उठून उभा राहिला. "मी नशा करत नाही मॅडम. मी मेहनत करतो." त्याच्या दृष्टीनं ते खरं होतं. दारू पिऊन गटारात पडलेला चुलता त्यानं पाहिला होता. व्यसनी तो, आपण पहाटे चारला उठून पळणारे.

चौतीस

हा स्वतः आला नव्हता. त्याची बायको गरोदरपणातल्या तपासणीसाठी आली होती. तिचा एचआयव्हीचा अहवाल निर्दोष आला. असा अहवाल हातात पडला की बायका सुटकेचा श्वास टाकून निघून जातात. ही दारापर्यंत गेली, परत आली आणि हळूच म्हणाली, "ह्यांचीबी करता येईल का?"

तो काही वर्षं मुंबईत मालवाहू गाडीवर होता. तिथे ब्राऊन शुगर आधी चांदीच्या कागदावर ओढली. पुढे पैसे पुरेनात म्हणून सुईवर आला. कमी मालात जास्त नशा, हा सुईचा हिशेब आहे. इतरांची सुई वापरली होती का, या प्रश्नावर तो खाली मान घालून 'हो' म्हणाला. त्याचाही अहवाल निर्दोष आला. ते ऐकून तो माझ्यासमोर रडला. पुढच्या पंधरवड्यात तो पुण्याच्या एका केंद्रात भरती झाला. बायकोनं कानातलं मोडून भाड्याची सोय केली.

छप्पन्न

तिसरे गृहस्थ मला शस्त्रक्रिया विभागात भेटले. दोन्ही मांड्यांची कातडी लाकडासारखी कडक, मधोमध न भरणाऱ्या जखमा. बारा वर्षांपूर्वी मुतखड्याच्या कळा येत, तेव्हा एका कंपाउंडरनं पेंटाझोसिनचं इंजेक्शन दिलं होतं. कळ थांबली, शांत झोप लागली. खडा पडून गेला, सुई राहिली. पेंटाझोसिन हे अफूच्या जातकुळीचं, प्रयोगशाळेत बनवलेलं वेदनाशामक आहे. ते वारंवार टोचल्यानं कातडी आणि स्नायू कडक होतात, जखमा चिघळतात. वैद्यकीय ग्रंथांत या खुणा नोंदलेल्या आहेत. गावात मात्र सगळे म्हणत, "अण्णांना दुखणं आहे." स्वतः अण्णा मला म्हणाले, "नशा कशाची पोरी? मी औषध घेतो."

पुष्कळ दिवस ही तीन माणसं माझ्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत होती. मग एकदा लक्षात आलं की पहिला आणि तिसरा एकच वाक्य बोलत होते. एक म्हणतो मी खेळाडू आहे, दुसरा म्हणतो मी रुग्ण आहे. मधला तेवढा व्यसनी ठरतो. घरच्यांच्या लेखी, गावाच्या लेखी, आणि स्वतःच्याही. 'व्यसनी' हा शब्द आपण मधल्या वयाच्या, बायकापोरं असलेल्या, कामावरून सुटलेल्या पुरुषासाठी राखून ठेवला आहे. उपचाराचं दारही त्याच्याच मापाचं आहे.

यामागे इतिहास आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत ब्राऊन शुगर पसरली. अनिल अवचटांचं 'गर्द' १९८६ साली आलं, आणि मराठी मध्यमवर्गाला या विषाची पहिली खरी ओळख झाली. त्याच वर्षी २९ ऑगस्टला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधारानं, पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तोपर्यंत आपल्याकडे व्यसन म्हणजे चारित्र्याचा दोष होता. या लोकांनी त्याला आजार म्हणायला शिकवलं. पुढे महाराष्ट्रात अनेक केंद्रं निघाली. काही आठवडे घरापासून दूर राहायचं, गटात बोलायचं, कुटुंबाला सोबत घ्यायचं, बाहेर पडल्यावर पाठपुरावा ठेवायचा, अशी एक पद्धत रूढ झाली. मुक्तांगणमध्ये व्यसनी माणसांच्या पत्नींचा 'सहचरी' हा गट आहे. माझ्या चौतीस वर्षांच्या माणसाला हे सगळं बसलं, कारण त्याला बायको होती, गमावण्यासारखी नोकरी होती, आणि 'मी हरलो' असं म्हणायची तयारी होती. एकोणीस वर्षांच्या मुलाकडे यातलं एकही नव्हतं. छप्पन्न वर्षांच्या माणसाला बायको होती, पण तीच रोज गरम पाण्यानं त्याची सिरिंज धुऊन देत असे. औषध म्हणून.

हा प्रश्न केवढा आहे? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात सुईनं नशा करणारे सुमारे ८.५ लाख लोक आहेत, आणि अशांची संख्या मोठी असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्यांपैकी वीसात एखाद्यालाच भरती होऊन उपचार मिळतात, असंही तो अहवाल सांगतो. जगाचा अंदाज २०१७ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला: १५ ते ६४ वयोगटातले सुमारे १ कोटी ५६ लाख लोक, त्यांतले २७.९ टक्के पंचविशीच्या आतले. म्हणजे चौघांत एकाहून जास्त तरुण. उपचारकेंद्रांच्या गटात गोल करून बसलेल्या माणसांत हे प्रमाण शोधू गेलं तर सहसा सापडत नाही. त्याच अंदाजात वीस टक्के स्त्रिया आहेत. माझ्या टेबलासमोर नवऱ्यासाठी, मुलासाठी आलेल्या बायका कितीतरी बसल्या. स्वतःसाठी आलेली एकही नाही. ती नसेल असं म्हणायला मी आता धजत नाही.

तरुण येत नाहीत, तर वाट पाहिली म्हणून काय बिघडतं? आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे: "वय आहे, सुटेल." किंवा, "लग्न लावून द्या." ही समजूत केवळ खेड्यातली नाही. चार्ल्स विनिक या अमेरिकी अभ्यासकानं १९६२ साली संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक नियतकालिकात एक प्रसिद्ध निबंध लिहिला. सरकारी यादीत एकदा नोंदलेले जे व्यसनी पुढची पाच वर्षं पुन्हा नोंदले गेले नाहीत, त्यांचं सरासरी वय पस्तिशीच्या आसपास निघालं. त्यावरून त्यानं मांडलं की माणूस वाढत्या वयाबरोबर व्यसनातून 'पिकून' गळून पडतो. कल्पना मोहक होती. पण नंतरच्या अभ्यासकांनी साधी शंका काढली: यादीतून नाव जाण्याची कारणं आणखीही असतात. माणूस मरतो. गाव सोडतो. दुसऱ्या नशेकडे वळतो. काही जण वयाबरोबर सुटतात हे खरंच आहे, पण त्या वयापर्यंत पोचावं तर लागतं.

सुईच्या बाबतीत ही वाट पाहणं फार महाग पडतं, कारण धोका पहिल्या काही वर्षांतच दाटलेला असतो. नवा माणूस स्वतः टोचायला शिकलेला नसतो. दुसरा त्याला टोचतो, आणि बहुधा आपलं झाल्यावर. सुई, सिरिंज, औषध विरघळवायचं भांडं, गाळायचा कापूस, पाणी यांतली कुठलीही वस्तू सामाईक असली, तरी हिपॅटायटिस 'सी'चा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. एचआयव्ही किती वेगानं पसरू शकतो हे मणिपूरनं पाहिलं आहे. तिथे १९८९ च्या सप्टेंबरपर्यंत सुईनं नशा करणाऱ्यांच्या तपासण्यांत लागण आढळत नव्हती. पुढच्या सहा महिन्यांत ती जवळपास निम्म्यांत आढळली. म्हणजे एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंतच्या काळाहूनही कमी.

दुसरा अभ्यास कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराचा. तिथे २००५ पासून १४ ते २६ वयाच्या, रस्त्यावर आयुष्य काढणाऱ्या मुलामुलींचा पाठपुरावा होतो आहे. त्यातला एक निष्कर्ष मला फार लागला. ज्यांनी अजून सुई घेतली नव्हती, अशा मुलांपैकी ज्यांनी उपचार मागितले आणि ज्यांना ते मिळाले नाहीत, ती पुढे सुईकडे वळण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त होती. तरुण माणूस दार ठोठावतच नाही असं नाही. तो एकदा ठोठावतो.

मग आपल्या दारावर काय अडतं? एक, कायद्याची भीती. पोलीस भरतीच्या मुलाला तर ती दुप्पट. फार थोड्यांना माहीत आहे की १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच कलम ६४ अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला, तर त्या आरोपाच्या खटल्यापासून त्याला संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले, तर ते काढूनही घेता येतं.

दोन, अठराची रेषा. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनाशी संबंधित स्थितींनाही लागू आहे. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलाला भरती करायचं तर अर्ज पालकानं करायचा, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं, मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि पालकानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं पूर्ण वेळ सोबत राहायचं, असे नियम आहेत. प्रत्येक नियम मुलाच्या भल्याचा आहे. पण माझ्यासमोरची आई रोजंदारीवर सोयाबीन काढायला जाणारी होती. मुलगा सतराचा असताना ती आली असती, तर महिनाभर त्याच्याजवळ कोण बसणार होतं? अठरा पूर्ण झाले की चित्र पालटतं. आता निर्णय त्याचा. तो 'नाही' म्हणाला की सहसा संपलं.

तीन, औषध. हेरॉइनसारख्या अफूजन्य नशेवर बुप्रेनॉर्फिन हे जिभेखाली ठेवायचं औषध चांगलं काम करतं. तडफड थांबते, सुई सुटते, माणूस कामावर जाऊ शकतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात ते बहुतेक वेळा केंद्रावर, कर्मचाऱ्यासमोर रोज घ्यायचं असतं. रोजंदारीवरच्या माणसाला रोजची खेप परवडत नाही, हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की मेफेंटरमाइन अफूच्या जातीचं नाहीच. त्यावर बुप्रेनॉर्फिन चालत नाही. तिथे झोप, हृदयाची तपासणी, भास असतील तर त्यांचे उपचार आणि धीर धरून केलेलं समुपदेशन, हाच मार्ग. म्हणजे सुईवाल्यांसाठी आपल्याकडे जी हुकमी गोष्ट आहे, ती या मुलाच्या कामाची नव्हती.

वयस्क माणसाची अडचण उलटी. तो दवाखान्यात वारंवार येतो, पण त्याच्या जखमेला मलमपट्टी होते आणि तो परत जातो. अण्णांचं ड्रेसिंग वर्षभर वेगवेगळ्या हातांनी केलं होतं. त्या वर्षभरात त्यांना कुणी विचारलं नाही की ही सुई रोज कशासाठी. विचारणाऱ्यालाही संकोच वाटतो; वडिलांच्या वयाच्या माणसाला व्यसनी कसं म्हणायचं? या वयात आणखी एक धोका असतो. काही आठवडे अफूजन्य नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. मग जुन्या सवयीची मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. केंद्रातून, तुरुंगातून किंवा लांबच्या इस्पितळातून परतलेल्या माणसाच्या घरच्यांना हे सांगून ठेवायला हवं. बहुतेकांना ते कुणी सांगत नाही.

या तिघांनंतर मी माझा प्रश्न बदलला. 'व्यसन आहे का?' असं मी विचारत नाही. 'शेवटची सुई कधी घेतली, कुणी दिली?' असं विचारते. या प्रश्नाला खेळाडूही उत्तर देतो, रुग्णही देतो. पुढचं बोलणं वयाप्रमाणे वेगळं. त्या मुलाला मी व्यसनमुक्तीला चल म्हणाले, तेव्हा तो उठला. शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा बांधून आकडा दाखवला आणि म्हणाले, "असा दाब घेऊन वैद्यकीय चाचणीला उभा राहशील, तर घरी पाठवतील," तेव्हा तो बसला. त्याचं दार भरतीतून जात होतं. अण्णांचं दार जखमेतून. "मांडी भरायची असेल तर सुई थांबली पाहिजे, आणि थांबवताना त्रास होऊ नये म्हणून औषध देऊ," एवढ्यावर ते मानसोपचार विभागात यायला तयार झाले. नशा हा शब्द कुणीच उच्चारला नाही. दोन महिन्यांनी तो त्यांनी स्वतःच उच्चारला.

म्हणून मला वाटतं, व्यसनमुक्ती केंद्रांची संख्या वाढवण्याइतकंच त्यांच्याबाहेरच्या जागांकडे पाहिलं पाहिजे. भरतीचं मैदान, व्यायामशाळा, गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस, ड्रेसिंगची खोली. माणसं तिथे आधीच आलेली असतात. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा १४४४६ आणि टेलीमानसचा १४४१६ हे क्रमांक या भिंतींवर असायला हवेत. आज ते असतात व्यसनमुक्ती केंद्राच्या भिंतीवर, जिथे पोचलेल्या माणसाला त्यांची गरज सर्वांत कमी.

अण्णा आता काठी घेऊन चालतात. एक गुडघा पुरता वाकत नाही, पण जखमा भरल्या. चौतीसचा माणूस एकदा घसरला आणि आठ दिवसांत परत केंद्रात गेला. त्याची मुलगी बालवाडीत जाते. मुलगा तीनदा येणार होता, दोनदा आला. तिसऱ्या तारखेला मी संध्याकाळपर्यंत थांबले. नंतर आई बाजाराच्या दिवशी भेटली. म्हणाली, तो पुण्याला आहे, कामाला लागला, फोन करतो कधी कधी. सुईचं विचारलं तर म्हणाली, "ते इचारायचं राहून जातं ताई. इचारलं तर फोन ठेवतो."

त्याचं कार्ड मी फाडलेलं नाही. तो पुन्हा कुठल्या तरी दवाखान्यात जाईलच. पंचविशीत छाती धडधडते म्हणून जाईल, की चौतिशीत बायकोनं 'ह्यांचीबी करता येईल का' विचारल्यावर, की मांडी लाकडासारखी झाल्यावर, हे त्या दिवशी टेबलापलीकडे बसलेलं माणूस त्याला काय विचारतं यावरही ठरेल. पहिल्या भेटीत मी त्याला चुकीचा शब्द वापरला होता. दुसऱ्या भेटीत बरोबर प्रश्न विचारला. मधे तीन आठवडे गेले होते.